ज्येष्ठांचा आरोग्य विमा : पक्षांचा वाद आणि वैद्याचा केसपेपर

सुश्रुताचार्यांनी व्याधींचे जे सात प्रकार वर्णिले आहेत, त्यांतील शेवटचा स्वभावबलप्रवृत्त होय. क्षुधा, पिपासा, निद्रा, जरा आणि मृत्यू यांची गणना त्यात केलेली आहे. यांपैकी जरेचा भार आपल्या समाजात परंपरेने कुटुंबाने वाहिला. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मात्र हा भार काही अंशी शासनाने उचलावा, असा विचार रुजला. त्याबरोबरच तो कोणत्या पक्षाच्या शासनाने आधी उचलला, किती उचलला आणि कोणत्या वयापासून उचलावा, याविषयीचे वादही सुरू झाले. वैद्यकव्यवसायी म्हणून आपला राजकारणाशी संबंध काय, असा प्रश्न काही वाचक विचारतील. आम्हीही बराच काळ याच समजुतीत होतो. परंतु या वादाचे परिणाम शेवटी आपल्या चिकित्सालयाच्या बाकावर येऊन बसतात, हे लक्षात आल्यावर हा विषय अभ्यासणे आम्हांस आवश्यक वाटले.

आम्ही पाचगणीत आणि भिलार, खिंगर, गोडवली, राजपुरी या आसपासच्या गावांतून रुग्णसेवा करतो. समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंचीचे हे पठार पर्यटकांना सुखकर असले, तरी वर्षाऋतूतील सततचा शीत आणि आर्द्र वारा वातप्रधान वयातील देहास मानवत नाही. आषाढ लागला की संधिशूल, श्वास आणि निसरड्या पायरीवरून पडून झालेले अस्थिभग्न, अशा ज्येष्ठ रुग्णांची रांग लागते. पाचगणीला वैद्यकाचा इतिहास आहे. डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये येथे बेल-एअर हे क्षयरोग्यांचे आरोग्यधाम उभे केले, ते पुढे रेडक्रॉस संस्थेकडे गेले. तरीसुद्धा हृदयरोगाचा झटका किंवा खुब्याचे हाड मोडणे अशा प्रसंगी रुग्णास पसरणीचा घाट उतरून वाईस आणि बहुधा तेथून पुढे साताऱ्यास न्यावे लागते. या लेखातील सर्व विवेचन हा घाट डोळ्यांसमोर ठेवून वाचावे, अशी विनंती आहे.

योजनांची वंशावळ

महाराष्ट्रात १९९७ मध्ये, शिवसेना-भाजप युतीच्या राजवटीत, दारिद्र्यरेषेखालील रुग्णांसाठी जीवनदायी आरोग्य योजना आली. हृदय, मूत्रपिंड, मेंदू यांच्या मोठ्या आजारांसाठी शासन रुग्णालयास अर्थसाहाय्य देत असे. २००८ मध्ये केंद्रातील संयुक्त पुरोगामी आघाडीच्या शासनाने राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना सुरू केली. तिचे संरक्षण कुटुंबास वर्षाला ३० हजार रुपयांचे आणि सदस्यसंख्येची मर्यादा पाचाची होती. या पाचाच्या मर्यादेकडे आपण विशेष लक्ष द्यावे. पती, पत्नी आणि तीन मुले यांची नावे लिहून झाली की यादी पूर्ण होई. घरातील वृद्ध आई किंवा वडील यांचे नाव सहावे. कोणत्याही शासनाने वृद्धांना वगळा असे सांगितले नव्हते, पण मोजणीतच ते वगळले जात.

२ जुलै २०१२ रोजी महाराष्ट्रात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना गडचिरोली, अमरावती, नांदेड, सोलापूर, धुळे, रायगड आणि मुंबईचे दोन अशा आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात सातारा नव्हता. मुख्यमंत्री मात्र सातारा जिल्ह्यातील कराडचे, श्री. पृथ्वीराज चव्हाण होते. २१ नोव्हेंबर २०१३ पासून योजना राज्यभर लागू झाली आणि आपला जिल्हा तिच्यात आला. पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेवरील कुटुंबास वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार मोफत मिळू लागले. सत्तांतरानंतर, १ एप्रिल २०१७ पासून, हीच योजना महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना या नावाने चालू लागली. १९९७ पासून चालत आलेला 'जीवनदायी' हा शब्द या नामांतरात गळाला. आमच्या भागातील जुने लोक आजही 'जीवनदायीत बसतं का?' असेच विचारतात, ही गोष्ट नाव बदलणाऱ्यांनी आणि त्यावर आक्षेप घेणाऱ्यांनी दोघांनीही ऐकण्याजोगी आहे.

२३ सप्टेंबर २०१८ रोजी केंद्राची आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना आली. कुटुंबास ५ लाख रुपये, सदस्यसंख्येची मर्यादा नाही, वयाची मर्यादा नाही. म्हणजे सहाव्या नावाचा प्रश्न सुटला. परंतु लाभार्थी २०११ च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेतील यादीवरून ठरत असल्याने दुसरा प्रश्न उभा राहिला, तो यादीबाहेरच्यांचा. पुढे करोनाकाळात, मे २०२० मध्ये, महाविकास आघाडीच्या शासनाने राज्य योजनेचा लाभ तात्पुरता सर्व नागरिकांस खुला केला. २८ जून २०२३ रोजी श्री. एकनाथ शिंदे यांच्या मंत्रिमंडळाने दोन्ही योजनांची सांगड घालून सर्वच शिधापत्रिकाधारकांस ५ लाखांचे संरक्षण देण्याचा निर्णय घेतला आणि तो १ जुलै २०२४ पासून अमलात आला. श्री. शिंदे यांचे दरे हे गाव आमच्याच महाबळेश्वर तालुक्यातील. तेव्हा २०१२ च्या योजनेचे मुख्यमंत्री या जिल्ह्याचे आणि २०२३ च्या निर्णयाचे मुख्यमंत्री या तालुक्याचे, असा योग आहे. त्यामुळे येथील वादास एक घरगुती चव असते.

२०२४ च्या नोव्हेंबरात, विधानसभा निवडणुकीच्या धामधुमीत, आमच्या चिकित्सालयाच्या ओसरीवर दोन परस्परविरोधी पक्षांचे कार्यकर्ते समोरासमोर आले. दोघेही याच परिसरातले, दोघेही आमचे जुने रुग्ण. एक म्हणाला, पाच लाख कोणी दिले ते लक्षात ठेवा. दुसरा म्हणाला, मुळात झाड लावलं कोणी? तुम्ही पाटी बदलली फक्त. प्रकरण वाढत चालले होते. बाकावर बसलेले एक सत्तरी ओलांडलेले शेतकरी, ज्यांना सगळे आबा म्हणतात, शांतपणे ऐकत होते. त्यांनी एकदाच विचारले, "पोरांनो, ह्या कार्डावर चष्मा निघतो का रं? आन् गुडघ्याची रोजची औषधं?" दोघेही थांबले. एक म्हणाला, "आबा, ते ऑपरेशनचं असतंय." दुसऱ्यानेही मान डोलावली. त्या दिवशी त्या दोघांचे एकमत झालेले आम्ही पाहिले ते एवढ्या एकाच मुद्द्यावर.

साठ की सत्तर?

ज्येष्ठांसाठी स्वतंत्र संरक्षण हा विषय राष्ट्रीय पातळीवर आला तो २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत. भाजपच्या जाहीरनाम्यात ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाचा विचार न करता, आयुष्मान योजनेत घेण्याचे आश्वासन होते. काँग्रेसने राजस्थानच्या धर्तीवर २५ लाखांपर्यंतच्या रोखविरहित विम्याचे वचन दिले. ११ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ७० वर्षांवरील नागरिकांच्या योजनेस मान्यता दिली. अंदाजे साडेचार कोटी कुटुंबांतील सहा कोटी ज्येष्ठ तिच्या कक्षेत येतात. ज्यांचे कुटुंब आधीच आयुष्मान योजनेत आहे, त्यांतील सत्तरीपुढील व्यक्तींना कुटुंबाच्या रकमेखेरीज वेगळे ५ लाखांचे संरक्षण मिळते, ते घरातील तरुणांशी वाटून घ्यावे लागत नाही. आमच्या मते संपूर्ण योजनेतील हा सर्वांत मोलाचा भाग आहे. त्याचे कारण पुढे एका रुग्णेच्या उदाहरणाने स्पष्ट होईल.

योजनेचे उद्घाटन २९ ऑक्टोबर २०२४ रोजी, धन्वंतरी जयंतीस, दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थानात झाले. त्याच भाषणात पंतप्रधानांनी दिल्ली आणि पश्चिम बंगालमधील ज्येष्ठांची क्षमा मागितली. तेथील शासने राजकीय स्वार्थासाठी योजनेत सामील होत नाहीत, असा त्यांचा आरोप होता. त्या शासनांची बाजूही ऐकली पाहिजे. पश्चिम बंगालने जानेवारी २०१९ मध्येच योजनेतून अंग काढून घेतले होते. खर्चाचा ४० टक्के वाटा राज्याने उचलायचा आणि लाभार्थ्यांच्या घरी जाणाऱ्या पत्रांवर छायाचित्र मात्र पंतप्रधानांचे, हा त्यांचा आक्षेप होता. २०१६ पासूनची आपली 'स्वास्थ्य साथी' योजना पुरेशी आहे, असेही त्यांचे म्हणणे होते. दिल्लीतील आम आदमी पक्षाने आपल्या शासकीय रुग्णालयांत सर्व उपचार मोफत असल्याचे सांगितले आणि आयुष्मान योजनेतील गैरव्यवहारांकडे बोट दाखवले. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालात एकाच भ्रमणध्वनी क्रमांकावर सुमारे साडेसात लाख लाभार्थी नोंदल्याचे आढळले होते, ही वस्तुस्थिती आहे. लाभार्थ्याची ओळख आधारद्वारे पटवली जाते, क्रमांकावरून नव्हे, हा केंद्राचा खुलासाही तेवढाच नोंदला पाहिजे.

डिसेंबर २०२४ मध्ये आम आदमी पक्षाने दिल्लीत ६० वर्षांवरील सर्वांसाठी 'संजीवनी' योजना घोषित करून घरोघरी नोंदणी सुरू केली. काही दिवसांतच दिल्लीच्या आरोग्य विभागानेच, अशी कोणतीही योजना अस्तित्वात नाही, अशी जाहीर सूचना वृत्तपत्रांत दिली. ज्या वृद्धांनी रांगेत उभे राहून नावे नोंदवली, त्यांनी कोणावर विश्वास ठेवायचा? फेब्रुवारी २०२५ मध्ये तेथे सत्तांतर झाले आणि ५ एप्रिल २०२५ रोजी दिल्लीने केंद्राशी करार केला. मध्यंतरी, मार्च २०२५ मध्ये, आरोग्यविषयक संसदीय स्थायी समितीने या योजनेची वयोमर्यादा ७० वरून ६० वर आणावी आणि रक्कम ५ वरून १० लाख करावी, अशी शिफारस केली. महाराष्ट्रात महाविकास आघाडीने नोव्हेंबर २०२४ मध्ये २५ लाखांच्या विम्याचे वचन दिलेच होते.

साठ की सत्तर, हा वाद आपणांस अपरिचित नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात तीस ते साठ वर्षे मध्यवय आणि त्यापुढे शंभरपर्यंत जीर्णवय सांगितले आहे. सुश्रुतसंहितेत मात्र मध्यवय सत्तरीपर्यंत धरले असून चाळिशीनंतरचा काळ किंचित परिहाणीचा मानला आहे, खरे वार्धक्य सत्तरीनंतर. वाग्भटही सत्तरीच्याच बाजूचे. म्हणजे संसदीय समिती चरकमताची आणि मंत्रिमंडळ सुश्रुतमताचे, असे कोणी विनोदाने म्हणू शकेल. मात्र आचार्यांनी वयाची सीमा धातू, इंद्रिये आणि बल यांच्या निरीक्षणावरून आखली. शासनाची सीमा तिजोरीवरून आखली जाते आणि ते लपवण्याचे कारण नाही. या योजनेची प्रारंभीची तरतूद ३,४३७ कोटी रुपयांची होती. सहा कोटी ज्येष्ठांमध्ये ती समान वाटली, तर प्रत्येकी पावणेसहाशे रुपयांच्या आतच येते. सर्वजण एकाच वर्षी आजारी पडत नाहीत, या तत्त्वावरच विमा चालतो हे खरे. तरी सीमा साठीवर आणायची तर लाभार्थ्यांची संख्या कितीतरी वाढणार आणि तो पैसा कोठून येणार, हे शिफारस करणाऱ्यांनी व वचन देणाऱ्यांनी सांगितले पाहिजे. पैसा वेळेवर न आल्यास काय घडते, याचे उदाहरण हरियाणात ऑगस्ट २०२५ मध्ये दिसले. थकबाकीच्या कारणास्तव तेथील खासगी रुग्णालयांनी आयुष्मान रुग्ण घेणे थांबवले होते.

महाराष्ट्र शासनाच्या स्वतःच्याच व्यवहारात तरी एकवाक्यता कोठे आहे? ज्येष्ठ नागरिक धोरणानुसार साठाव्या वर्षी माणूस ज्येष्ठ होतो. एसटीचे अर्धे तिकीट पुरुषाला पासष्टाव्या वर्षी मिळते, पूर्ण मोफत प्रवास ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तराव्या वर्षी. विम्याचे वेगळे कार्ड सत्तराव्या. एकच माणूस चार खिडक्यांवर चार वेळा म्हातारा होतो.

आधारकार्ड आणि भूकंप

वयाचा प्रश्न आमच्याकडे तत्त्वचर्चेच्या रूपात आला नाही. तो एका वृद्धेच्या रूपात आला. त्या पलीकडच्या एका वाडीत एकट्या राहतात. श्रम केल्यावर उरःशूल, श्वासकष्ट, पायांवर शोथ. आम्ही त्यांस तज्ज्ञाकडे पाठवले, तेथे हृदयरोहिणीची तपासणी करून गरज पडल्यास स्टेंट बसवण्याचा सल्ला मिळाला. त्यांचे नाव थोरल्या मुलाच्या केशरी शिधापत्रिकेवर आहे. तो नवी मुंबईत माथाडी कामगार. योजनेत हा उपचार बसत होता. तरी त्या दोन महिने गेल्या नाहीत.

कारण विचारले तेव्हा कळले, की सुनेस आठवड्यातून दोनदा डायलिसिस करावे लागते आणि ते याच कुटुंबाच्या पाच लाखांतून होते. "डॉक्टर, तिच्या तोंडचे पैसे मी कसे खाऊ? तिची पोरं अजून शिकत्यात," असे त्या म्हणाल्या. वर्षाच्या रकमेतून डायलिसिस वजा जाता स्टेंटपुरते पैसे उरतात, हे आम्ही कागदावर आकडेमोड करून दाखवले. मुलानेही फोनवर तेच सांगितले. त्यांना ते पटले नाही. आकड्यांचा हिशेब चुकला नव्हता. पण एकाच भांड्यात घरातील दोघे आजारी असले की वृद्ध माणूस आपण होऊन हात मागे घेतो, हे कोणत्याही तक्त्यात येत नाही. सत्तरीपुढील व्यक्तीस वेगळे संरक्षण देण्याचे मोल येथे कळते. ते मिळाले असते, तर त्या दुसऱ्याच दिवशी घाट उतरल्या असत्या.

ते मिळाले नाही, कारण आधारकार्डावर त्यांची जन्मतारीख १ जानेवारी १९५७ आहे. ज्यांना तारीख ठाऊक नव्हती अशा पुष्कळांची तारीख १ जानेवारीच आहे, हे आपण सर्वजण पाहतो. वर्षही असेच अंदाजाने घातलेले. आम्ही त्यांस विचारले, कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तुम्ही केवढ्या होता? त्या म्हणाल्या, थोरला अंगावर पीत होता, त्याला घेऊन अंगणात पळाले. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर त्याचे जन्मवर्ष १९६७ आहे. म्हणजे शासकीय कागदांनुसार आई आणि मुलगा यांच्या वयात दहा वर्षांचे अंतर! त्या पंचाहत्तरीच्या खाली असणे शक्य नाही. परंतु योजनेस आधारवरील वयच मान्य आहे. त्या शाळेत कधी गेल्या नाहीत, गावी जन्मनोंद सापडली नाही. आधारवरील जन्मतारीख सर्वसाधारणपणे एकदाच बदलता येते आणि त्यासाठी पुरावा लागतो. भूकंप हा पुरावा नाही.

या ठिकाणी साठीची मर्यादा मागणाऱ्यांचे म्हणणे आम्हांस अधिक ग्राह्य वाटते, पण त्यांनी दिलेल्या कारणासाठी नव्हे. जेथे जन्मनोंदी विश्वसनीय नाहीत, तेथे उंच वयोमर्यादा खऱ्या वृद्धांनाच बाहेर ठेवते. चूक पाच-दहा वर्षांची असेल, तर साठीची रेषा तिला सामावून घेते, सत्तरीची घेत नाही. मर्यादा सत्तरच ठेवायची असेल, तर ग्रामसभेच्या किंवा तहसीलदारांच्या चौकशीने वय ठरवण्याची सोय तरी असावी. आमच्या वाचनात आलेल्या कोणत्याही पक्षाच्या जाहीरनाम्यात हा मुद्दा आढळला नाही. त्यात कोणाच्या छायाचित्रास जागा नाही, हे कारण असावे काय?

आबांचा प्रश्न

आता आबांच्या प्रश्नाकडे येऊ. शार्ङ्गधराने दर दशकात एकेका भावाचा ऱ्हास सांगितला आहे. त्यात सहावे दशक दृष्टीचे. वृद्धांचे बहुतेक दुखणे हे असे, हळूहळू क्षीण करणारे आणि रोजचे असते: दृष्टी, श्रवण, संधी, निद्रा, मलप्रवृत्ती, मधुमेह, रक्तदाब. प्रचलित योजना आंतररुग्ण उपचारांच्या आहेत. दाखल होण्यापूर्वीचे ३ दिवस आणि घरी गेल्यानंतरचे १५ दिवस यांचा खर्च आयुष्मान योजनेत धरला जातो, त्यापलीकडे नाही. खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धाची शस्त्रक्रिया मोफत होते आणि ही लहान गोष्ट नव्हे. पूर्वी अशा प्रसंगी शेत गहाण पडलेले आम्ही पाहिले आहे. पण नंतरचे तीन महिने? उठवणे-बसवणे, व्यायाम, शय्याव्रण होऊ न देणे, पुन्हा पडू न देणे. ते सर्व घरावर. आणि घरात, आमच्या डोंगरी भागात, बहुधा दुसरे एक म्हातारे माणूसच असते. तरणी माणसे मुंबई-पुण्यास.

पक्षांची स्पर्धा रकमेच्या आकड्यात आहे. तीस हजार, दीड लाख, पाच, दहा, पंचवीस. या स्पर्धेने संरक्षण वाढले, हे मान्य केलेच पाहिजे. केवळ वाद म्हणून तिला नावे ठेवणे योग्य होणार नाही. परंतु पंचवीस लाखांचे कार्ड असले, तरी बाह्यरुग्ण म्हणून रोज घ्यावयाच्या औषधास त्यातून एक रुपया मिळणार नसेल, तर आबांच्या दृष्टीने पाच आणि पंचवीस यांत भेद नाही.

खासगी विम्याची वाट ज्यांना परवडते, त्यांच्यासाठी अलीकडे काही अडथळे दूर झाले, त्याची नोंद थोडक्यात. २०२४ मध्ये विमा नियामक प्राधिकरणाने नवी आरोग्य पॉलिसी घेण्यासाठीची ६५ वर्षांची प्रचलित मर्यादा काढली. जानेवारी २०२५ मध्ये ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढवण्यापूर्वी प्राधिकरणाशी विचारविनिमय बंधनकारक केला. हप्त्यावरील १८ टक्के जीएसटी हटवावा, असे पत्र नागपूरचे खासदार व केंद्रीय मंत्री श्री. नितीन गडकरी यांनी जुलै २०२४ मध्ये स्वपक्षाच्याच अर्थमंत्र्यांस लिहिले, विरोधकांनी संसदेच्या आवारात त्याच मागणीसाठी निदर्शने केली आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरील हा कर शून्य झाला. सत्ताधारी आणि विरोधक एकाच मागणीसाठी बोलले की काम होते, याचे हे उदाहरण.

आपली बाजू आणि आपली उणीव

ज्या योजनेचे उद्घाटन धन्वंतरी जयंतीस आयुर्वेद संस्थानात झाले, त्या योजनेच्या उपचारसूचीत त्या दिवशी आयुर्वेदाचा एकही उपचार नव्हता. याविषयी आपल्या सभांतून रोष व्यक्त होतो आणि तो अनाठायी नाही. जरा हे अष्टांगांपैकी एक स्वतंत्र अंग मानणारे शास्त्र वृद्धांच्या योजनेबाहेर राहावे, हे खटकतेच. खासगी विम्यात तरी १ एप्रिल २०२४ पासून आयुष उपचारांस इतर उपचारांच्या बरोबरीने स्थान देण्याचा नियामकाचा आदेश आहे.

परंतु रोषापूर्वी आपण आपले केसपेपर पाहावेत. विमा देणारा, मग तो शासन असो की कंपनी, चार गोष्टी विचारतो. कोणत्या अवस्थेतील रुग्ण घेतला? किती दिवस ठेवला? काय मोजले? कोठे थांबला? पक्षाघात किंवा जानुसंधिगत वात यांवरील आमच्याच चिकित्सालयातील जुने केसपेपर आम्ही या लेखासाठी काढून पाहिले. बस्ती किती दिले, कोणते तेल वापरले, हे नीट लिहिलेले आहे. परिणामाच्या रकान्यात मात्र बहुतेक ठिकाणी 'उपशय मिळाला' एवढेच. पूर्वी रुग्ण किती पावले चालत होता, नंतर किती? खाली बसून उठता येत होते काय? वेदनाशामक गोळी किती दिवसांनी सुटली? याची नोंद नाही. अशा कागदावर पॅकेजचा दर कोणी कसा ठरवावा? आम्ही स्वतःच तो ठरवू शकलो नाही. शिवाय विम्याच्या व्याख्येतील आयुष रुग्णालयास किमान ५ आंतररुग्ण खाटा लागतात. आपल्यापैकी कितीजणांकडे त्या आहेत? तेव्हा आपली मागणी पंचकर्माच्या पॅकेजपुरती न राहता वृद्धांच्या बाह्यरुग्ण सेवेची असावी, असे आमचे मत आहे. डोंगरी भागातील वैद्यास जे प्रत्यक्ष करता येते, ते तेच आहे.

या वर्षापासून आम्ही साठीपुढील प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरावर काही नोंदी नव्याने सुरू केल्या आहेत. आधारवरील जन्मतारीख आणि रुग्णाच्या स्मरणातील वय, कोयनेच्या भूकंपासारख्या खुणेसह. नाव कोणाच्या शिधापत्रिकेवर आहे आणि ती व्यक्ती कोठे राहते. त्याच कुटुंबात योजनेतून उपचार घेणारे दुसरे कोणी आहे काय. सत्तरी पूर्ण असल्यास वय वंदना कार्ड काढले काय. घाट उतरवण्यास गाडी कोणाची मिळेल, तिचा क्रमांक. खाली राज्य योजनेचा १५५३८८ आणि केंद्र योजनेचा १४५५५ हे मदत क्रमांक छापून घेतले आहेत. रुग्णालयात गेल्यावर प्रथम आरोग्यमित्रास भेटावे, रुग्णालय योजनेत अंगीकृत आहे याची खात्री निघण्यापूर्वीच करावी, हेही आम्ही तोंडी सांगतो. पक्षाचे नाव आम्ही कोणासमोर घेत नाही आणि कार्ड काढून देणाऱ्या कोणत्याही कार्यकर्त्यास ओसरीवर बसण्यास मनाई करत नाही. २०२४ मध्ये भांडलेल्या त्या दोघांपैकी एकाने अलीकडे आपल्या जीपमधून आमचे तीन रुग्ण वाईपर्यंत नेले.

वाडीतील त्या वृद्धा अद्याप तपासणीस गेलेल्या नाहीत. मुलगा गणपतीत आला तेव्हा जन्मतारीख दुरुस्तीचा अर्ज भरून झाला, पुराव्याअभावी तो परत आला. हृद्य औषधे चालू आहेत, तज्ज्ञांनी लिहून दिलेल्या गोळ्याही चालू आहेत, शोथ कमी आहे, चढावर मात्र त्यांना दोन ठिकाणी बसावे लागते. कागदांनुसार त्या १ जानेवारी २०२७ रोजी सत्तर वर्षांच्या होतील. ती तारीख आम्ही त्यांच्या केसपेपराच्या वरच्या कोपऱ्यात लाल शाईने लिहिली आहे आणि दर पंधरा दिवसांनी त्यांना पाहतो.